जुन्या घराच्या पत्र्याचा ढाळ खालूनच कसा मोजायचा? (हाताशी गुण्या, ओळंबा, टेप एवढंच)

शिवार_औसा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात आमचं गावाकडचं दोन पाख्यांचं (दोन्हीकडे उतरत्या छपराचं) घर आहे. भूकंपानंतर आजोबांनी माळवद (मातीचं सपाट छप्पर) उतरवलं, त्याचंच सागवान वापरून आढं (मधलं सगळ्यात उंच आडवं लाकूड) आणि वासे बसवले आणि वर सिमेंटचे पत्रे टाकले. आता ते पत्रे जागोजागी तडकलेत. पावसाळ्याच्या आत ते काढून रंगीत लोखंडी पत्रे टाकायचेत. लाकूड अजून ठणठणीत आहे, ते तसंच ठेवणार. शिवाय दक्षिणेच्या बाजूला ६ फुटांची पडवी ओढायची आहे.

फॅब्रिकेशनवाला लातूरचा. फोनवर एकच विचारायलाय, "जुन्याचा ढाळ किती हाय ते सांगा, मग पत्र्याची लांबी अन् पाइप काढतो." स्वतः येऊन मोजायला त्याला सवड नाही, लग्नसराईत त्याची मंडपाच्या सांगाड्यांची कामं जोरात आहेत.

वर चढायचं धाडस नाही, पत्रे कुठे फुटतील सांगता येत नाही. खालून मात्र वासे उघडे दिसतात, छत वगैरे काही नाही. आजोबांच्या पेटीत मोठा लोखंडी गुण्या (काटकोनातली दोन पाती, एक २४ इंच, दुसरं १६), पितळी ओळंबा, रंधा, पटाशी आहे. माझ्याकडे टेप आणि दोन फुटी पाणसळ. एवढ्यावर ढाळ मोजता येईल का? आणि मोजला तर सांगायचा कशात, अंशात की फूट-इंचात?

---

कडेपाट

वर चढू नका हे पहिलं. सिमेंटच्या पत्र्यावरून पाय आत जाऊन माणूस खाली आल्याचं दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून ऐकू येतं. आणि उतरवताना ते फोडू नका. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. पाणी मारून ओले करा, हूक कापा, सबंध पत्रा दोघांनी धरून खाली घ्या. तोंडाला नीट मास्क हवा, गमछ्याने भागत नाही.

मोजायचं कसं ते जाणकार सांगतीलच.

---

मोबाइलमिस्त्री

एवढी पेटी उघडायचं काय काम? फोनमध्ये कोन मोजणारं ॲप असतं. फोन वाशाला चिकटवा, आकडा वाचा, वेल्डरला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

---

सुताराचा_पोर (जिंतूर)

फोनवर नंतर येतो. आधी शिवारदादांना उत्तर.

अंशात सांगू नका. आपल्याकडे सुतार, वेल्डर, गवंडी सगळे "बाराला किती" याच भाषेत बोलतात. आडवं एक फूट गेलं की वासा किती इंच वर चढतो, तो ढाळ. बाराला तीन, बाराला चार, बाराला सहा. उरलेले तुकडे सुतात सांगायचे, आठ सूत म्हणजे एक इंच. "बाराला तीन इंच सहा सूत" म्हटलं की लातूरचा असो की नांदेडचा, कारागिराला पाइप कुठे कापायचा ते कळतं. "सतरा पूर्णांक काहीतरी अंश" म्हटलं की तो हो म्हणतो आणि मनाने कापतो.

तुमच्या सामानात दोन रीती बसतात.

पहिली पाणसळीची. घोडीवर उभं राहा, एक वासा निवडा. पाणसळीचं वळचणीकडचं (छपराच्या खालच्या कडेकडचं) टोक वाशाच्या खालच्या अंगाला टेकवा आणि दुसरं टोक आढ्याच्या दिशेला धरा. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आणा. आता वासा वर जातोय आणि पाणसळ आडवी आहे, म्हणजे मध्ये पाचर पडली. टेकलेल्या टोकापासून पाणसळीवर १२ इंच मोजून पेन्सिलीची खूण करून ठेवलेली असू द्या. त्या खुणेपासून सरळ वर वाशापर्यंत किती, ते मोजा. तोच तुमचा ढाळ. "सरळ वर" मात्र खरंच सरळ हवं. टेप नुसती हाताने धरली की ती तिरकी होते आणि दोन-तीन सुतांचा उगाच फरक पडतो. छोटा गुण्या असेल तर तो पाणसळीवर उभा करा आणि त्याच्या पात्यावर वाचा.

पाणसळ दोन फुटी आहे तर १२ वर कशाला थांबता, २४ वर मोजा आणि निम्मं करा. चूक झाली तरी तीही निम्मी होते.

दुसरी रीत ओळंब्याची, वडिलांची आवडती. तिला पाणसळ लागतच नाही. मोठा गुण्या घ्या. लांब पातं वाशाच्या खालच्या अंगाला चपखल लावा, कोपरा आढ्याकडे आणि पात्याचं टोक वळचणीकडे. आखूड पातं आता खाली लोंबतंय, पण उभं नाही, वाशाला काटकोनात आहे. कोपऱ्यातूनच ओळंब्याची दोरी सोडा. दोरी आणि आखूड पातं यांच्यात फट दिसेल. आखूड पात्यावर कोपऱ्यापासून १२ इंचाची खूण शोधा आणि तिथून पात्याला काटकोन धरून दोरीपर्यंत मोजा. जेवढे इंच, तेवढा बाराला ढाळ. गणित नाही, तक्ता नाही.

दोरी गुण्याच्या जाडीला घासायला नको, नाहीतर ती हलायची थांबते आणि आपल्याला वाटतं ओळंबा स्थिरावला. ओळंबा बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवला तर वाऱ्याने झुलत नाही.

---

शिवार_औसा

वा, दुसरी रीत तर कधी ऐकलीच नव्हती. गुण्या बुरसलाय पण आकडे वाचता येतात. बघतो.

---

परभणीकर_मास्तर

दुसऱ्या रीतीमागचं कारण सांगतो, नववी-दहावीच्या पोरांना दाखवण्याजोगं आहे. आडव्या रेषेशी वाशाचा जो कोन, तोच कोन वाशाच्या लंबाचा उभ्या रेषेशी. ओळंबा म्हणजे उभी रेषा, आखूड पातं म्हणजे वाशाचा लंब. पात्यावर १२ घेतले आणि समोरची बाजू मोजली की ती १२ गुणिले टॅन. ढाळाची व्याख्या तीच.

अंश हवेच असतील त्यांच्यासाठी: बाराला १ म्हणजे ४.८ अंश, २ म्हणजे ९.५, ३ म्हणजे १४, ४ म्हणजे १८.४, ५ म्हणजे २२.६, ६ म्हणजे २६.६ आणि बाराला १२ म्हणजे ४५. टक्के आणि अंश यांची गल्लत करू नका. २० टक्के ढाळ म्हणजे ११.३ अंश. २० अंशांचा ढाळ टक्क्यात सांगायचा तर ३६ च्या पुढे जातो. कोटेशनवर नुसतंच "२०" लिहिलेलं असलं की भांडण ठरलेलं.

---

डिप्लोमा_सिव्हिल

मास्तर, आणखी एक गल्लत आहे. आमच्या पुस्तकात "पिच" म्हणजे आढ्याची उंची भागिले घराची पूर्ण रुंदी. १८ फूट रुंद घराला ३ फूट उंच आढं असेल तर पुस्तकातलं पिच एक सहांश. पण त्याच छपराचा ढाळ तिनाला एक, म्हणजे बाराला चार, कारण ढाळ अर्ध्या रुंदीवर धरतात. ड्रॉइंगवर "१/६" बघून बाराला दोनने पाइप जोडलेली शेड मी डोळ्यांनी पाहिलीय. आढं दीड फूट खाली बसलं. म्हणून नकाशावर छोटा काटकोन त्रिकोण काढायचा, आडव्या बाजूवर १२, उभ्यावर ४. मग वाद नाही.

---

मोबाइलमिस्त्री

ठीक आहे, पण ॲपला काय झालं ते कुणी सांगितलं नाही.

---

सुताराचा_पोर

ॲप वाईट नाही. अडचण फोनच्या पाठीची आहे. कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, कव्हर असतं, फोन सपाट टेकतच नाही. टेकवलाच तर कडेवर टेकवा. मग तोच फोन उलट दिशेने फिरवून त्याच जागी पुन्हा वाचा. दोन्ही वेळा आकडा सारखा आला तर विश्वास ठेवा, नाही आला तर दोन्हींची सरासरी घ्या. पाणसळीलाही हाच नियम. टोकं आलटून पालटून बुडबुडा त्याच जागी बसतो का बघा. बाजारातल्या स्वस्त पाणसळी नव्या कोऱ्या असतानाच खोटं बोलतात.

आणि फोनची लांबी सहा इंच. जुन्या लाकडावरचे सहा इंच काय सांगणार? तिथे गाठ असेल, रंध्याचा खड्डा असेल. मोठा गुण्या निदान दोन फुटांवर टेकतो.

---

गोठा_आणि_शेळ्या (वसमत)

म्या तर टेप घेऊन वाशाच्या अंगानंच मोजलो होतो. आढ्यापासून वळचणीपर्यंत लांबी, आन् आढ्याची उंची. भागाकार केला. चालतंय की.

---

परभणीकर_मास्तर

भाऊ, कमी ढाळाला चालून जातं, म्हणून कळत नाही. आडवं ९ फूट आणि उंची ३ फूट असलेलं पाखं घ्या. खरा ढाळ बाराला चार. वाशावरची लांबी साधारण साडेनऊ फूट येते, तिने भागलंत तर पावणेचारच्या वर थोडं येईल. दोन सुतांचा फरक, शेळ्यांना काही कळणार नाही. पण हीच रीत ४५ अंशांच्या छपराला लावा, बाराला बाराऐवजी साडेआठ येईल. भागायचं ते आडव्या अंतराने.

---

गोठा_आणि_शेळ्या

बरं मास्तर, ध्यानात ठेवतो. शेळ्या मजेत हायत.

---

लोहाऱ्याची

विषयाला थोडं सोडून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या भागात जी घरं बसली, त्यातली बरीच दगड-मातीच्या भिंतींची आणि माळवदाची होती. काही घरांवर दोन-दोन फूट माती होती. पाऊस गळला की पांढऱ्या मातीचा आणखी एक थर, वर्षानुवर्षं. भिंत हलली आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. त्यानंतर आमच्या आईने माळवदाखाली झोपायचंच सोडलं, पै-पाहुण्याच्या घरी गेली तरी अंगणात अंथरूण. आमच्याकडे पत्र्याची घरं एवढी का, असं पुण्या-मुंबईची मंडळी विचारतात म्हणून लिहिलं.

माळवद उन्हाळ्यात गार असायचं हे मात्र खरं. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी बसवत नाही.

---

कडेपाट

ताई, विषय सोडून नाही. माळवदाची सवय झालेल्या गवंड्याने पत्र्याचं घर बांधलं की ढाळ कमीच पडतो. माळवदाला पाणी पन्हाळीकडे सरकेल एवढाच उतार देत. स्लॅबलाही दहा फुटाला इंच-सव्वा इंच पुरतो. तोच हात पत्र्याला लावला तर वळवाच्या पावसात पाणी जोडाखालून उलटं आत शिरतं. पत्र्यावर पत्रा जिथे चढतो तिथे सहा इंच तरी जोड हवा, ढाळ कमी असेल तर त्याहून जास्त. कौलं असतील तर बाराला सहा-सातच्या खाली जाऊ नये, कौल नुसतं एकावर एक टेकलेलं असतं.

---

शिवार_औसा

मोजलं. घोटाळा झालाय.

एकाच वाशावर पाणसळीने तीन ठिकाणी बघितलं, २४ इंचांवर. आढ्याजवळ ९ इंच आले. मध्यावर ८. भिंतीजवळ ७. म्हणजे बाराला साडेचार, चार आणि साडेतीन. पाणसळ उलटी करून पाहिली, बरोबर आहे. गुण्या-ओळंब्याने मध्यावर बरोबर ४ आले. शेजारच्या दोन वाशांवर थोडं कमी-जास्त, पण तऱ्हा तीच, वर जास्त खाली कमी. वेल्डरला यातला कुठला सांगू?

---

सुताराचा_पोर

घोटाळा नाही, वासा झुकलाय. सिमेंटच्या पत्र्याचं वजन तीस वर्षं वाहिलं, पोटात झोळ पडणारच. दोन्ही टोकं जागेवर, मधला भाग खाली, त्यामुळे वरच्या अंगाला चढ जास्त दिसतो आणि खालच्या अंगाला कमी. मोजणीत फरक अंदाजाने नाही तर क्रमाने पडतोय, त्यावरूनच ओळखू येतं.

दोन कामं करा. वाशाच्या खालच्या अंगाला आढ्यापासून भिंतीपर्यंत लाइनदोरी ताणून बांधा. दोन्ही टोकांना दोरी आणि वासा यांच्यात सारख्याच जाडीचे लाकडी ठोकळे घाला, म्हणजे झुकलेलं पोट दोरीला टेकणार नाही. मध्यावर दोरी ते वासा अंतर ठोकळ्याच्या जाडीपेक्षा जेवढं कमी, तेवढा झोळ.

दुसरं, वासा सोडून द्या आणि सबंध पाख्याचा ढाळ काढा. आढ्याच्या खालून ओळंबा जमिनीपर्यंत सोडा. भिंतीच्या आतल्या कडेला, जिथे वाशाचं खालचं अंग भिंतीला भेटतं, तिथे खूण करा. ती उंची ओळंब्याच्या दोरीवर न्यायची आहे. त्यासाठी पारदर्शक नळी हवी, गवंडी वापरतात ती लेव्हल ट्यूब. गावात कुणाकडेही मिळेल. नळीत पाणी भरा, बुडबुडे पूर्ण निघू द्या, एक बुडबुडा राहिला तरी पाणी खोटं पडतं. एक टोक भिंतीवरच्या खुणेला, दुसरं ओळंब्याच्या दोरीला. दोन्ही तोंडं उघडी हवीत, अंगठा ठेवून मोजणारे बहाद्दर आहेत. पाणी थांबलं की दोरीवर गाठ बांधा किंवा कपड्याचा चिमटा लावा. चिमट्यापासून वर आढ्याजवळच्या वाशाच्या खालच्या अंगापर्यंत मोजा, ती उंची. भिंतीच्या कडेपासून दोरीपर्यंत आडवं मोजा. झालं.

---

मोबाइलमिस्त्री

इथे फोन हरला हे कबूल.

---

शिवार_औसा

चुलत्याच्या बांधकामावरून नळी आणली. भरताना अर्धं पाणी अंगावर.

दक्षिणेचं पाखं: आडवं ७ फूट ६ इंच, उंची ३० इंच. उत्तरेचं: आडवं तेवढंच, उंची ३१ इंच, म्हणजे उत्तरेची भिंत इंचभर खाली आहे. झोळ मधल्या वाशाला सव्वा इंच, कडेच्या वाशांना अर्धा-पाऊण.

९० ला ३०, म्हणजे बाराला ४. बरोबर ना? आता पत्रा किती लांब मागवू? ७ फूट ६ इंच धरू का?

---

डिप्लोमा_सिव्हिल

ढाळ बरोबर. लांबी थांबा. ७ फूट ६ इंच हे भिंतीच्या आतल्या कडेपर्यंत झालं. भिंत दगडी असेल तर दीड फूट जाडी असणार, पत्रा तिच्यावरून बाहेर जायचा आहे. मोजून सांगा.

---

शिवार_औसा

भिंत दीड फूटच आहे. वर वासा बाहेरच्या कडेपर्यंत जातो.

---

डिप्लोमा_सिव्हिल

मग आडवं अंतर ९ फूट. बाराला चारच्या ढाळाला आडव्या लांबीला १.०५४ ने गुणायचं, वाशावरची लांबी मिळते. ९ गुणिले १.०५४ म्हणजे ९ फूट ६ इंच धरा. (बाराला ३ ला गुणक १.०३१, ५ ला १.०८३, ६ ला १.११८.) आढ्यावर टोपी (दोन्ही पाख्यांवर वळणारी पत्र्याची पट्टी) बसणार असल्यामुळे पत्रा अगदी टोकापर्यंत न्यायचा नसतो, दोन इंच अलीकडे थांबवतात. म्हणजे १० फुटी तयार पत्रा घेतला तर बाहेर आठ इंच वळचण निघते. एका पाख्याला एकच पत्रा, आडवा जोडच नाही. बारा फुटीच्या भानगडीत पडू नका, कापलेले तुकडे गोठ्यात पडून राहतात.

उत्तरेच्या एका इंचाची काळजी सोडा. लांबीत त्याने अर्धा इंचसुद्धा फरक पडत नाही.

---

सुताराचा_पोर

झोळाचं मात्र बघा. नवा पत्रा हलका, आणखी झुकणार नाही. पण तसाच टाकला तर मध्ये खोलगट राहील आणि आढ्याची टोपी नीट बसणार नाही. वाशांवर ज्या आडव्या पट्ट्या किंवा पाइप येणार, त्यांच्याखाली मधल्या वाशांवर लाकडी गिट्टक (छोटे ठोकळे) घाला. आढ्यापासून वळचणीपर्यंत दोरी ताणून प्रत्येक पाइप दोरीला भिडला पाहिजे. सव्वा इंच म्हणजे फार नाही, गिट्टकांवर निभावतं.

---

सौर_अंबाजोगाई

मध्येच विचारतो, कारण आम्हीही हेच करणार आहोत. पत्र्यावर सोलर पॅनल बसवायची तर ढाळ बदलावा लागतो का?

---

परभणीकर_मास्तर

पॅनल वर्षभरासाठी एकाच कोनात बसवायचं तर तो कोन साधारण गावाच्या अक्षांशाएवढा ठेवतात, तोंड दक्षिणेला. लातूर १८.४ अंशांवर आहे. वरच्या तक्त्यात बाराला चारचे अंश बघा. शिवाररावांचं दक्षिणेचं पाखं पॅनल सपाट चिकटवायला आयतंच आहे. अंबाजोगाईलाही फार फरक नाही. पाखं पूर्व-पश्चिम असेल तर गोष्ट वेगळी. वजनाचं आणि वाऱ्याचं मात्र डिप्लोमावाल्यांना विचारा.

---

डिप्लोमा_सिव्हिल

पॅनलचे पाय पत्र्याला नाही, खालच्या पाइपला धरायला हवेत. बाकी घर बघितल्याशिवाय बोलत नाही.

---

शिवार_औसा

आता पडवी. भिंतीच्या बाहेरून वळचणीची उंची ८ फूट आहे. जुन्याच ढाळात सरळ खाली ओढली तर दिसायला चांगली दिसेल असं घरच्यांचं म्हणणं.

---

कडेपाट

दिसेल चांगली, पण तुम्ही वाकून जाल. ६ फूट आडवं, बाराला चार, म्हणजे २४ इंच खाली. बाहेरच्या टोकाला ६ फूट उरले, त्यात पाइपची जाडी गेली. म्हैस जाईल, डोक्यावर भारा घेतलेली बाई जाणार नाही.

पडवीचा ढाळ मोडा. बाराला दोन ठेवा, १२ इंचच उतरेल. एका लांबीचाच पत्रा असल्यामुळे आडवा जोड नाही, एवढा ढाळ लोखंडी पत्र्याला चालतो.

---

सुताराचा_पोर

सहमत, फक्त एक जागा सांभाळा. वरच्या पत्र्याची आठ इंच वळचण बाराला चारने उतरत बाहेर येते, पडवीचा पत्रा त्याच्याखालून बाराला दोनने निघतो. दोन्ही एकाच उंचीवर सुरू केले तर वळचणीचं टोक पडवीच्या पत्र्यात घुसेल. तेवढ्यात वरचा अडीच इंच उतरलेला असतो, खालचा सव्वा. त्यात पत्र्याच्या नळ्यांची (उंचवट्यांची) उंची मिळवा. पडवी चार इंच खाली सुरू करा, म्हणजे टोपीसारखा वरचा खालच्यावर राहतो आणि तुमच्याकडे बाहेर ६ फूट ८ इंच उरतात. पाइप धरून साडेसहा. पडवीचा पत्रा ७ फुटी कापून घ्या, रंगीत पत्रा दुकानदार मापाने देतो. ८ फुटी सबंध टाकलात तर पावणेदोन-दोन फूट बाहेर लोंबेल आणि वळवाचं वारं आधी तिथेच हात घालतं. पडवीला खालून वारा मोकळा असतो, म्हणून बाहेरच्या शेवटच्या पाइपवर स्क्रू दाट घ्या, रबरी वायसर लावून. पत्र्यावर दगड ठेवून भागवायची आपली जुनी खोड यावेळी नको.

---

लोहाऱ्याची

दगडाचं खरं. शेजारच्यांचा पत्रा मागच्या वळवात दगडासकट आमच्या अंगणात आला.

---

शिवार_औसा

वेल्डरला फोन केला. "बाराला चार, आडवं नऊ फूट, पत्रा दहा फुटी, पडवी बाराला दोन, चार इंच खाली." तो म्हणाला, हे कुणी मोजलं? मी म्हटलं, आजोबांच्या गुण्याने. आता म्हणतोय पाइपचे त्रिकोणी आधार लातुरातच जोडून आणतो, इथे येऊन नुसते उभे करायचे. जमेल का, की इथेच वेल्डिंग करायला लावू?

---

सुताराचा_पोर

जमेल, पण तोंडी आकड्यावर सोडू नका. प्लायचा किंवा जाड पुठ्ठ्याचा फर्मा कापून पाठवा. गुण्या पुठ्ठ्यावर ठेवा, लांब पात्यावर १२ आणि आखूड पात्यावर २ ची खूण, दोन्ही जोडून रेघ, कातर. पडवीसाठी हा एक. बाराला चारचा दुसरा घरीच ठेवा, गिट्टकं घालताना लागेल. त्याची तिरकी कड पाइपवर ओळीने ठेवलेल्या सरळ फळीला टेकवायची, आडव्या कडेवर पाणसळ. बुडबुडा मध्ये आला की ती ओळ झाली, पुढची घ्या.

फर्म्यावर "१२" आणि "२" ठळक लिहा आणि कुठली बाजू भिंतीकडे तेही लिहा. वेल्डरकडच्या पोराने उलटा धरला तर पडवीचं पाणी तुमच्या भिंतीत.

---

शिवार_औसा

दोन्ही कापले. एकावर "भिंत", "बाहेर", "१२", "२" लाल पेनाने. सकाळच्या औसा-लातूर एसटीने पुतण्याबरोबर देतोय.

---

गोठा_आणि_शेळ्या

बाराला दोनच्या फर्म्याचा फोटो टाका की दादा. म्याबी शेळ्यांच्या शेडला पडवी काढावं म्हणतोय.

---

शिवार_औसा

टाकतो. तुमच्या शेडची वळचण जमिनीपासून किती उंच आहे ते आधी सांगा.